कन्या एक, इंदुरास दिली

अच्युत बिडवई साडेपाच महिन्यांनी ग्वाल्हेरहून घरी आला, खांद्यावरची वळकटी न उतरवताच पायरीवर बसलेल्या आईच्या पायांशी वाकला, आणि आईनं पाय आत ओढून घेतले. "कुणाकडं आलात?" तिनं अदबीनं विचारलं, आणि परका पुरुष समोर आला की ओढायची तसा पदर कपाळावर ओढला. आईचा स्वभाव पहिल्यापासून थट्टेखोर, तेव्हा अच्युतला वाटलं, इतके महिने पत्र धड लिहिलं नाही त्याचं उट्टं निघतंय. थट्टेला थट्टा म्हणून त्यानंही विचारलं, "भानुमतीबाई बिडवई इथंच राहतात ना?" तिनं खरंच विचार केला. रामबागेची ती अरुंद गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी शोधून पाहिली. मग म्हणाली, "नाही हो, या नावाचं इथं कुणी नाही. शेजारी विचारून पाहा." तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. एखाद्या चुकलेल्या वाटसरूबद्दल वाटावी तेवढीच काळजी होती. अच्युतच्या खांद्यावरची वळकटी घसरून पायरीवर पडली, आणि ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

मध्यभारत राज्य झाल्यापासून सरकारला दोन राजधान्या झाल्या होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. होळकरांचा आणि शिंद्यांचा मान राखला गेला, पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी कारकुनांची गत झाली. दप्तरांच्या पेट्या आगगाडीत चढायच्या, पेट्यांमागून माणसं चढायची, आणि घरं मागं राहायची. या हिवाळ्यात मागं राहिलेल्या घरात आई हळूहळू निघून गेली होती, आणि ते बघायला त्याची बायको शारदा एकटी होती. तिनं कळवलं नाही, कारण कळवून रजा थोडीच मिळणार होती. संक्रांतीला आई तिळगुळाची कृती विसरली. मग वार विसरली. मग घरातली माणसं आठवणीतून एकेक करून गेली, आणि शेवटी स्वतःचं नावही गेलं. तेवढंही चाललं असतं, शारदा म्हणाली, पण आता त्या जेवायला आत येत नाहीत. सकाळी आंघोळ झाली की पायरीवर जाऊन बसतात. जेवायला चला म्हटलं, तर म्हणतात, मला हाक नाही मारली कुणी. "मी म्हणते, आई, मारली की हाक, भानुमतीबाई म्हणूनसुद्धा मारली. तर म्हणतात, ती त्या कुणा बाईंना मारलीत. मला नाही मारलीत." हात धरून आत आणलं तर थरथर कापतात, दोन घास तोंडात घेतात आणि चोरी केल्यासारख्या पुन्हा बाहेर पळतात. छत्रीबागेतले डॉक्टर येऊन गेले होते. म्हातारपणाच्या विसरण्यावर औषध नाही, पण अशा उपाशी राहिल्या तर पावसाळा बघणार नाहीत, असं ते स्पष्ट सांगून गेले होते.

आईची ती शिस्त कुठली, हे अच्युतला ठाऊक होतं. लहानपणी तिनंच सांगितलं होतं. तिच्या माहेरी स्वैपाक कडक सोवळ्यातला. आई चुलीपुढं असेतोवर पोरांनी उंबरठ्याला शिवायचं नाही. नैवेद्य दाखवून झाला की आतून एकेकाच्या नावानं हाक यायची, आणि ज्याची हाक आली त्यानंच पाय धुऊन आत जायचं. साठ वर्षांखालची ती मुलगी आता रामबागेतल्या पायरीवर येऊन बसली होती आणि हाकेची वाट बघत होती. हाक मारायला अडचण एवढीच होती, की तिचं नाव काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. भानुमती हे सासरचं नाव. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अच्युतच्या वडिलांनी अंगठीनं लिहिलेलं. त्याआधीची नऊ-दहा वर्षं तिला कुणीतरी काहीतरी म्हणत असणारच, पण अच्युतनं ते कधी विचारलं नव्हतं. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही नाही. वडील तर तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसत. घसा खाकरला की आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं यायची, आणि दोनदा खाकरला की पानाचा डबा. वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती. भानपुऱ्याचे टोकेकर, म्हणजे आईचं माहेर, प्लेगाच्या साथीत आठवड्याभरात निकालात निघालं होतं. इंदुरात सासरी होती म्हणून ही एकटी वाचली. म्हणजे तिचं नाव ज्या तोंडांत होतं ती सगळी तोंडं केव्हाच मिटली होती, आणि अच्युतला त्या दुपारी स्वतःची एवढी लाज वाटली, की शारदेनं पुढं केलेला चहा तसाच निवला. त्याला स्वतःच्या लग्नातलं ताट आठवलं. त्यानंच तर लिहिलं होतं शारदा म्हणून, वडिलांनी कानात सांगितल्यावर. समोर मुंडावळ्यांआडून एक मुलगी त्या तांदळांकडं टक लावून बघत होती, नवं नाव वाचत होती की जुन्याचा निरोप घेत होती कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवून सगळ्यांनी खाल्ले. "माझं तरी ठाऊक आहे ना?" शारदा कपबशी उचलता उचलता म्हणाली. "कमल," तो घाईघाईनं म्हणाला. "पास झालात," ती म्हणाली, पण हसली नाही.

शेजारच्या शंकररावांनी रस्ता दाखवला. शंकरराव पोलोग्राउंडवरच्या एका कारखान्यात फोरमन, हाताला कायम ग्रीसचा वास, आणि आजा-पणजा होळकरांच्या पागेतले. आपला खापरपणजा कुठल्या लढाईत कुठल्या घोड्यावर होता हे हुडकण्याचा त्यांना नाद होता, आणि तसा नाद असलेली चार माणसं दर रविवारी सियागंजात जमत. "अच्युतजी, तुम्ही फिकर नका करू," ते कुंपणापलीकडून म्हणाले. "आमचे चिंतामणरावजी आहेत न, त्यांच्याजवळ अख्ख्या माळव्याची वंशावळ पडून आहे. मेलेला माणूस असो की हरवलेला, ते कागदातून खींच के काढतात. मतलब, अपन तुमच्या आईसाहेबांचं नाव काढूनच राहू. चला भिया, रविवारी." अच्युतला वाटलं, ही रिकामटेकड्यांची कामं. ज्यांना जिवंत माणसं विचारत नाहीत ते मेलेल्यांच्या पाठी लागतात. पण गरजवंताला अक्कल नसते, तो रविवारी निघाला.

सियागंज रविवारचं बंद होतं. एरवी हातगाड्यांनी गजबजलेल्या रस्त्यावर गाई निवांत रवंथ करत होत्या. सुतळी-दोरखंडाच्या एका दुकानावरची लांबट खोली, खालून ताग आणि मिरच्यांचा मिसळलेला वास वर येत होता, आणि तिथं चिंतामणराव बसले होते. होळकर दरबारच्या दप्तरात छत्तीस वर्षं मोडी कागद वाचण्यात गेलेली, पाठ कमानीसारखी वाकलेली, डोळे मात्र लख्ख. अच्युतनं सरकारी दप्तरं जन्मभर पाहिली होती. वरिष्ठांनी मागितला तर कागद काढायचा, न मागितला तर झुरळांना द्यायचा, ही तिथली रीत. इथं कुणी काही मागत नव्हतं. भिंतीभर लाल फडक्यांत बांधलेली बाडं होती, एकेक घराण्याची, आणि चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून अनोळखी घरांतल्या मेलेल्या माणसांवरून तावातावानं भांडत होती. हा तुकोजी त्या तुकोजीचा बाप की नातू? आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली चाल, त्यामुळं दोन पिढ्यांचा एक माणूस होऊन बसतो, आणि मधला बिचारा बाप वंशातून नाहीसा होतो. तसा एक बाप शंकररावांनी गेल्या महिन्यात महेश्वरच्या एका देवनागरी सनदेतून परत आणला होता. तो त्यांचा कुणी लागत नव्हता. धारच्या कुणा मास्तरांचा होता, आणि त्या मास्तरांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तरी त्या नाहीशा झालेल्या माणसाला त्याच्या जागी बसवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता. अच्युत ऐकत गेला, आणि आपण ज्यांना मनात रिकामटेकडे म्हटलं त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेला आपणच जरा हलका माणूस आहोत, असं त्याला वाटायला लागलं.

"टोकेकर, भानपुरा," चिंतामणराव म्हणाले, आणि न शोधता बाड काढलं. नगरकडच्या कुणा भाऊबंदानं पाठवलेल्या टिपणावरून केलेली वंशावळ होती, सुरेख अक्षरातली. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांच्या जहागिरी, कोण कुठं पडला. खाली बळवंतराव, कमाविसदार, म्हणजे परगण्याच्या वसुलीवरचे अंमलदार, भानपुरा. त्याखाली दोन रेघा, विनायक आणि गोविंद, दोघांपुढं प्लेग. आणि कडेला, रेघ न ओढता, बारीक अक्षरांत, कन्या १, इंदुरास दिली. अच्युतनं ते पुन्हा वाचलं. देवाला नारळ दिला, इंदुरास कन्या दिली. "ही जी एक आहे न," तो म्हणाला, आणि आवाज चढल्याचं त्याच्याच ध्यानात आलं, "ती माझी आई आहे. पायरीवर बसलीय. उपाशी आहे." चिंतामणरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "अच्युतराव, मुली दुसऱ्या वंशात जातात म्हणून नावं घ्यायची नाहीत, अशी वहिवाट आहे. कागद बोलतो तेवढंच मी लिहितो, हा माझा नेम. पण मी कागदाला विचारलंच नव्हतं." मग त्यांनी पोस्टाची, उत्तराचं कार्ड जोडलेली, जोडकार्डं काढली, आणि चौघं मिळून लिहायला बसले. भानपुरा, रामपुरा, नगर, जिथं जिथं टोकेकरांचं सोयरं असेल तिथं तिथं. तेवीस कार्डं. आणि प्रत्येकात एक ओळ, की वृद्ध बाई अन्न घेत नाहीत, तरी नावाचा शोध त्वरेनं करावा. अच्युत आभार मानायला लागला तेव्हा चिंतामणराव खेकसले, "आभार कसले मानता? पत्ते घाला."

कार्डांची उत्तरं नकाराचीच आली, पण एका कार्डातून कळलं की बळवंतराव एकदा कुटुंबासह ओंकारेश्वराला गेले होते, आणि तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत यात्रेकरूंची नावं असतात. शंकररावांनी कारखान्यातून दोन दिवसांची रजा टाकली. मोडी त्यांना येत नव्हती. पण फोरमन माणूस, नकाशे उतरवायचा पातळ कागद घेऊन गेले, नर्मदेच्या काठी उपाध्यायांच्या ओसरीवर पालथे पडून त्यांनी ते पान रेघेला रेघ लावून उतरवलं, शाईचे डागसुद्धा. अच्युत त्या दोन दिवसांत कचेरीत बसून फायलींवर शेरे मारत होता आणि मनानं त्या ओसरीवर होता. आपल्या आईसाठी दुसरंच कुणी नदीकाठी पोटावर पडलंय, आणि आपण इथं 'मा. सचिवांचे अवलोकनार्थ' लिहितोय. आई त्याला शाळेत सोडायला यायची तेव्हा ओढ्यापाशी त्याला कडेवर घ्यायची, तो आठ वर्षांचा घोडा झाला तरी. तिच्या मानेचा घामेजला, लिंबाच्या पाल्यासारखा कडवट वास त्याला कचेरीत येत राहिला. तो वास ठाऊक आहे आणि नाव ठाऊक नाही, हा कसला मुलगा, असं त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

चिंतामणरावांनी तो कागद खिडकीशी नेऊन वाचला. बळवंतराव, भार्या राधाबाई, पुत्र विनायक, पुत्र गोविंद, कन्या वेणू. "शेवटी चाकरमाणसांची दोन नावं आहेत, ती सोडा," ते म्हणाले. "वेणू. घ्या, अच्युतराव, तुमची आई." अच्युत टांगा करून घरी आला. वाटेत ते नाव तो तोंडात घोळवत होता. गोड नाव होतं, आणि आईला शोभत होतं. पायरीपाशी येऊन त्यानं हाक मारली, "वेणू!" आणि आईचा चेहरा असा उजळला, की शारदा दारातच हात जोडून उभी राहिली. आई उठली. पण ती आत आली नाही. अच्युतच्या पाठीमागं बघायला लागली, गल्लीच्या टोकापर्यंत, आणि म्हणाली, "कुठंय? ताई आली? कुठंय वेणूताई?" ती कोपऱ्यापर्यंत धावत गेली, तिथून परत आली, आणि मग लहान मुलं रडतात तशी तोंड उघडं टाकून रडली. त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. अच्युतनं जे आणलं होतं ते दुसऱ्याच मुलीचं होतं, साठ वर्षांपूर्वी मेलेल्या मोठ्या बहिणीचं, आणि ते त्यानं तिच्या अंगावर टाकलं होतं. त्यानं शंकररावांना कुंपणाशी सांगितलं तेव्हा त्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "गलती होऊन गेली, भिया," ते म्हणाले, आणि तसेच सायकल काढून सियागंजाकडं गेले.

चार दिवस तसेच गेले. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. पाचव्या दिवशी भर बारा वाजता, वैशाखाच्या उन्हात, चिंतामणराव सियागंजापासून चालत आले. डोक्यावर ओलं उपरणं होतं आणि हातात तो पातळ कागद. वयानं पंचाहत्तर, कुणाकडं जायचे नाहीत, लोकच त्यांच्याकडं यायचे. आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मी चुकलो," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "वहीत वेणूच्या पुढं आहे उकिर्डी. त्यापुढं तुकोजी गडी. गडी हा शब्द एकट्या तुकोजीपुढं आहे. मी तो दोघांना लावला. कमाविसदाराच्या पोटी उकिर्डी कशी असेल, असं माझ्या मनानं घेतलं, आणि पोटच्या पोरीला मोलकरीण करून टाकलं." त्यांना दम लागला होता. "पाठोपाठ मुलं जात असतील तर पुढचं मूल जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे, आणि केर म्हणून उचलून आणायचे. यमानं बघू नये म्हणून तसंच नाव ठेवायचे. माझी सख्खी आत्या भिकी होती, अच्युतराव. मला कळायला नको होतं? छत्तीस वर्षं सांगत आलो, कागद बोलतो तेवढंच वाचतो. या वेळी मी माझं वाचलं." अच्युत त्या वाकलेल्या पाठीकडं बघत राहिला. ज्याची मोडी अख्ख्या इंदुरात शेवटचा शब्द मानत, तो माणूस उन्हातून मैलभर चालत आपली चूक हातात घेऊन आला होता, एका म्हातारीच्या दोन घासांसाठी. पोस्टानं कळवता आलं असतं. अच्युतला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्यानं ते ठेवलं.

"तुम्हीच मारा हाक," अच्युत म्हणाला. "तुम्ही वडील आहात." चिंतामणरावांनी मान हलवली. "हाक घरातून यावी लागते. मी वाचणारा, परका माणूस." शारदेनं पानं घेतली होती. अच्युत स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि त्याची जीभच उचलेना. आईला मुलगा नावानं हाक मारत नाही, आणि हे तर असलं नाव, रस्त्यात कुणी उच्चारलं असतं तर आपण भांडलो असतो. जिला मरण शिवू नये म्हणून बापानं केर म्हटलं, भाऊ गेले, ताई गेली, आणि खरोखरच ही एकटी उरली. ते नाव हलकं नव्हतं, ते तिच्या आईबापांनी काळजाला हात घालून ठेवलं होतं. आता ते कुठल्या आवाजात म्हणायचं? मग त्याला आठवलं, संध्याकाळी तो मैदानावर असला की आई पायरीवरून कशी हाक मारायची. शेवटचं अक्षर लांबवत, मग थोडं खाली आणत, रागावल्यासारखं, न रागावता. तिनं ते कुठून उचललं असेल? तिलाही कुणीतरी तसंच, उकिर्डीचं उकी करून, बोलावलं असेल. अच्युतनं डोळे मिटले आणि आईचाच आवाज आपल्या घशात शोधला. "उकेऽऽ, ये गं, पानं घेतलीत!"

बाहेरून "आलेऽऽ" असा आवाज आला, बारीक आणि घाईचा, या घरानं कधी न ऐकलेला. आई उठली, लुगड्याची धूळ झटकली, चिंतामणरावांच्या अंगावरून, कुणी नसल्यासारखी, सरळ न्हाणीत गेली, पाय धुतले, आणि ओल्या पावलांनी येऊन पाटावर बसली. ती जेवायला लागली. आधी वरणभात, मग भाजी, मग पुन्हा भात, पाठीचा कणा ताठ, डोळे पानावर. शारदा पदरानं तोंड दाबून चुलीपुढं बसली होती. दारात चिंतामणराव कागद छातीशी धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, बहुधा ती ओळ ते पुन्हा वाचत होते. अच्युत तुपाची वाटी घेऊन तिच्यापुढं वाकला. त्याला वाटत होतं, आता ती ओळखेल. आता म्हणेल, अच्या, केव्हा आलास. ग्वाल्हेरहून निघाल्यापासून तो याचीच तर वाट बघत होता, हे त्याला त्या क्षणी कळलं. तिनं मान वर केली. त्याच्याकडं अगदी ओळखीनं पाहिलं, इतक्या ओळखीनं तिनं त्याच्याकडं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"किती उशीर लावलास गं, आई, हाक मारायला," ती म्हणाली.

अच्युतच्या हातून तूप थोडं पाटावर सांडलं. "चुकलं गं बाळ माझं," तो म्हणाला, आणि त्यानं तिला आणखी भात वाढला.